कलकत्त्याचा पदार्थविज्ञान-विभाग

विद्यापीठ म्हटलें म्हणजे परीक्षा, गुणांच्या याद्या आणि पदवीदानाच्या दिवशीं भाड्यानें आणलेला झगा, एवढेंच चित्र आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभें राहतें. यांत आपला फारसा दोष नाहीं. इ. स. १८५७ सालीं मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें जीं तीन विद्यापीठें निघालीं, तीं मुळांत परीक्षा घेणारीं मंडळें म्हणूनच निघालीं. शिकविण्याचें काम कॉलेजांचें, आणि नवें कांहीं शोधून काढण्याचें काम कोणाचेंच नाहीं, अशी ती व्यवस्था होती. अशा एका विद्यापीठाच्या पोटीं पदार्थविज्ञानाचा एक विभाग जन्मास यावा आणि त्यानें पुरीं पंधरा वर्षें लोटलीं नाहींत तोंच जगाच्या शास्त्रग्रंथांत आपलीं दोन-तीन पानें कायमचीं लिहून ठेवावीं, ही गोष्ट कशी घडली हें पाहण्यासारखें आहे. शोधांच्या कथा सांगतांना आपण शोधकाची बुद्धि, त्याची तपश्चर्या, फार तर त्याचें दारिद्र्य यांचें वर्णन करतों. त्या वेळीं तो कोणास काय शिकवीत होता, याची चौकशी सहसा करीत नाहीं. आमच्या मतें कलकत्त्याच्या कथेचें मर्म त्या चौकशींत आहे.

या विभागास पैसा मिळाला तो दोन वकिलांकडून. सर तारकनाथ पालित यांनीं १९१२ सालीं आपलें घर, जमीन व रोकड मिळून सुमारें पंधरा लाखांची मिळकत विद्यापीठास दिली. पुढच्याच वर्षीं सर रासबिहारी घोष यांनीं दहा लाख दिले. दोघांची अट एकच होती: या देणगींतून निघणाऱ्या अध्यापकपदांवर हिंदी मनुष्यच नेमला पाहिजे. गोऱ्या प्राध्यापकाच्या हाताखालीं हिंदी पदवीधरानें ‘सहाय्यक’ म्हणून जन्म घालविण्याच्या त्या काळांत ही अट म्हणजे एक लहानसें बंडच होतें. या सर्व खटपटीचे सूत्रधार सर आशुतोष मुकर्जी. हे हायकोर्टाचे न्यायाधीश, पण वृत्तीनें गणिती. कुलगुरूच्या खुर्चींत बसून त्यांनीं माणसें हेरलीं. २७ मार्च १९१४ रोजीं अपर सर्क्युलर रोडवर विज्ञान-महाविद्यालयाची कोनशिला बसली.

पुढें जें झालें तें मात्र कोणी योजलेलें नव्हतें. घोष-अध्यापक म्हणून निवडलेले देवेंद्रमोहन बोस अधिक अभ्यासासाठीं जर्मनीस गेले. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि ते तेथेंच अडकून पडले ते १९१९ सालीं परतले. पालित-अध्यापक म्हणून निवडलेले चंद्रशेखर वेंकट रामन हे हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्च खात्यांत अधिकारी होते. तेथून सुटून येण्यास त्यांना १९१७ सालचा जुलै उजाडला. म्हणजे १९१६ सालीं एम्. एस्सी. चा वर्ग उघडावयाची वेळ आली तेव्हां दोन्ही मुख्य अध्यापक गैरहजर! वर्गाचा भार पडला तो बावीस-तेवीस वर्षांच्या नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या पोरांवर. त्यांत मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोघे होते. हे दोघेहि एम्. एस्सी. झाले होते ते पदार्थविज्ञानांत नव्हे, तर मिश्रगणितांत. जो विषय आपण एम्. एस्सी. च्या परीक्षेसाठीं घेतला नाहीं तो शिकवावयाचा, आणि तोहि अगदीं अद्ययावत्, अशी त्यांच्यावर वेळ आली.

पुस्तकें नव्हतीं. प्लांक, बोल्ट्समान यांचे ग्रंथ जर्मन भाषेंत, आणि युद्धामुळें जर्मनीशीं व्यवहार बंद. शिवपूरच्या एंजिनियरिंग कॉलेजांतील प्रो. ब्रूल यांच्या खासगी संग्रहांत असे कांहीं ग्रंथ होते, ते मागून आणावे, शब्दकोश घेऊन बसावें आणि रात्रीं समजलेलें सकाळीं फळ्यावर मांडावें, असा क्रम सुरू झाला. आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांचे सापेक्षतेवरील मूळ निबंध या दोघांनीं इंग्रजींत उतरविले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रस्तावनेसह विद्यापीठानें ते १९२० सालीं छापले. त्या निबंधांच्या इंग्रजींतील अगदीं आरंभींच्या भाषांतरांत या पुस्तकाची गणना होते. एका वर्गाची गरज भागविण्यासाठीं केलेलें हें काम किती दूरवर पोंचलें पहा.

याहूनहि बोलकें उदाहरण साहांच्या शोधाचें आहे, म्हणून तें थोडें सविस्तर सांगतों. सूर्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढला म्हणजे त्यांत निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या रेषा दिसतात. सूर्याच्या बाह्यावरणांत फार उंचावर कॅल्शियमच्या ज्या रेषा दिसतात त्या साध्या कॅल्शियमच्या नसून, ज्याचा एक विद्युत्कण निखळून पडला आहे अशा कॅल्शियमच्या असतात. आतां विद्युत्कण निखळतो तो उष्णतेनें. मग तो जेथें उष्णता अधिक तेथें, म्हणजे खालच्या थरांत अधिक निखळावयास हवा. उंचावर असें कां व्हावें? साहा त्या वेळीं एम्. एस्सी. च्या वर्गास उष्णतागतिशास्त्र व वर्णपटशास्त्र हे दोन विषय शिकवीत होते. पहिल्या विषयांत, तापविल्यानें संयुगें कशीं फुटतात आणि दाब कमी असेल तर तीं अधिक कशीं फुटतात, याचें गणित येतें. साहांनीं परमाणु आणि त्याचा विद्युत्कण यांनाच एक संयुग मानलें. उंचावर दाब अत्यल्प. सुटलेल्या विद्युत्कणास परत जोडीदार भेटण्याचा संभव थोडा. म्हणून तेथें तो सुटलेलाच राहतो. एका तासाचा विषय दुसऱ्या तासाच्या कोड्याचें उत्तर होऊन बसला! एगर्ट या जर्मन शास्त्रज्ञाचा ताऱ्यांच्या अंतर्भागाविषयींचा एक निबंध १९१९ सालीं त्यांच्या वाचनांत आला. त्यांत हीच वाट होती, पण विद्युत्कण तोडण्यास किती शक्ति लागते याचे आंकडे अंदाजानें घेतले होते. प्रयोगांतून मिळालेले आंकडे घातल्याबरोबर साहांचें समीकरण सिद्ध झालें आणि १९२० सालीं तें लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्यें प्रसिद्ध झालें. निळे तारे आणि तांबडे तारे यांच्या वर्णपटांत जो भेद दिसतो तो मुख्यतः तपमानाचा, द्रव्यांचा नव्हे, हें त्यावरून कळलें. हा विचार वर्ग शिकवितां शिकवितांच आपल्या मनांत आकारास आला असें साहांनीं स्वतः नमूद केलें आहे. सत्येंद्रनाथांची गोष्टहि हीच. १९२१ सालीं ते ढाक्यास गेले. तेथें प्लांकचा नियम शिकवितांना त्याची रूढ उपपत्ति मनास पटेना, म्हणून त्यांनीं आपली निराळी मांडली आणि ती १९२४ सालीं आइन्स्टाइनकडे धाडली. आइन्स्टाइननें ती स्वतः जर्मन भाषेंत उतरवून छापविली.

या यशावरून दारिद्र्याची थोरवी गाण्याचा मोह कित्येकांस होतो. आम्हांस तो मान्य नाहीं. साहांचा याच्या आधींचा एक दीर्घ निबंध अमेरिकेंतील खगोल-भौतिकीच्या नियतकालिकानें छपाईचा खर्च मागितल्यामुळें अडून राहिला. तो खर्च देण्याची त्यांची ऐपत नव्हती. आपल्या सिद्धांताचा पडताळा घेण्यास प्रयोगशाळा मिळेना, म्हणून १९२३ सालीं ते अलाहाबादेस निघून गेले. फळा आणि खडू यांवर ताऱ्यांचें शास्त्र उभें राहिलें, पण तें वाढावयास फळा पुरला नाहीं.

रामन यांची वाट मात्र निराळी. त्यांचें काम वर्गांतून निघालें नाहीं. तें निघालें बहूबाजारांतील एका जुन्या संस्थेंतून. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं स्थापिलेल्या या विज्ञानसभेंत रामन सरकारी नोकरींत असतांना कचेरीच्या आधीं आणि नंतर येऊन प्रयोग करीत. वीणा, मृदंग यांच्या नादाचा अभ्यास त्यांनीं तेथेंच केला. विद्यापीठाची जागा घेतांना त्यांनीं पुष्कळच कमी पगार पत्करला. परदेशीं जाऊन शिकून येण्याची अट मात्र पत्करली नाहीं, आणि ती त्यांच्यासाठीं सैल करावी लागली. १९२१ सालच्या समुद्रप्रवासांत भूमध्य सागराची निळाई पाहून, ती आकाशाचें प्रतिबिंब नसून पाण्याच्या रेणूंनींच विखुरलेला प्रकाश आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्या धाग्यानें सात वर्षें जात जात २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं, विखुरलेल्या प्रकाशांत मूळच्या रंगाखेरीज दुसरेहि रंग येतात, हें कृष्णन यांच्या साहाय्यानें त्यांनीं दाखविलें. १९३० चें नोबेल पारितोषिक त्यासाठीं मिळालें. पुढें १९३३ सालीं तेहि बंगळूरास गेले.

तिसरी शाखा बिनतारी विद्येची. शिशिरकुमार मित्र हे आरंभीं रामन यांच्याजवळ प्रकाशाचा अभ्यास करीत. फ्रान्सांतून १९२३ सालीं परतले ते हा नवा विषय घेऊन. त्यांनीं तो एम्. एस्सी. च्या अभ्यासक्रमांत घातला, पृथ्वीच्या वातावरणांतील जे वरचे थर बिनतारी लहरी परत फिरवितात त्यांचा शोध कलकत्त्याच्या आकाशांत घेतला, आणि १९४७ सालीं ‘अपर ॲट्मॉस्फिअर’ हा त्या विषयावरील जगन्मान्य ग्रंथ लिहिला. १९४९ सालीं ही शाखा स्वतंत्र संस्था होऊन वेगळी निघाली.

आणि चौथी शाखा परमाणुगर्भाची. साहा १९३८ सालीं पालित-अध्यापक होऊन कलकत्त्यास परत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस युरेनियमचा गर्भ फुटतो हें जर्मनींत सिद्ध झालें. साहांनीं हा विषय ताबडतोब एम्. एस्सी. च्या वर्गांत आणला. म्हणजे पुनः जुनाच क्रम, आधीं वर्ग. परंतु या शास्त्रास खडू पुरत नाहीं. त्याला सायक्लोट्रॉन लागतो. आपले शिष्य नागचौधरी यांना त्यांनीं कॅलिफोर्नियांत लॉरेन्स यांच्याकडे पाठविलें. यंत्रासाठीं साठ हजार रुपये आले ते आमच्या मुंबईंतून, सर दोराबजी टाटा निधींतून. अमेरिकेहून चुंबकाचे भाग येऊन पोंचले. निर्वात-पंप घेऊन निघालेलें जहाज मात्र युद्धांत जपान्यांनीं बुडविलें. पंप येथेंच करावयाचे ठरलें. यंत्र धड चालावयास १९५० नंतरचीं वर्षें उजाडलीं.

दरम्यान त्याच टाटा निधीच्या आधारावर डॉ. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं मूलभूत संशोधनाची संस्था काढली, ती कोणत्याहि विद्यापीठाच्या कक्षेबाहेर. आणि १९४८ सालीं अणुशक्ति-मंडळ स्थापन झालें. साहांनीं त्यास विरोध केला. आधीं देशांत उद्योगधंद्यांचा पाया घाला, विद्यापीठांतून माणसें तयार करा, मग मंडळ काढा, असें त्यांचें म्हणणें होतें. या वादांत त्यांचा पराभव झाला, आणि त्यांच्या बोलण्यांतील कडवटपणाहि त्यास थोडा कारण झाला असावा. भाभांच्या संस्थेनें थोर काम केलें हें मुंबईकरांनीं तरी नाकारूं नये. तथापि कोट्यवधि रुपयांचीं यंत्रें एका आवारांत आणि एम्. एस्सी. चीं मुलें दुसऱ्या आवारांत, अशी जी विभागणी त्यानंतर देशभर रूढ झाली, तिच्यामुळें साहांच्या दोन तासांसारखे दोन तास पुनः एकमेकांस लागून येण्याचा योग दुर्मिळ झाला, असें आम्हांस वाटतें.

साहांची स्वतःची परमाणुगर्भ-संस्था ११ जानेवारी १९५० रोजीं आय्रेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते उघडली, ती विज्ञान-महाविद्यालयाच्याच आवारांत. १९५६ सालीं साहा वारले. संस्थेस त्यांचें नांव मिळालें आणि पुढें ती शहराच्या पूर्वेस बिधाननगरांत गेली.

सत्येंद्रनाथ १९४५ सालींच ढाक्याहून परतले होते. जेथें १९१६ सालीं मागून आणलेल्या पुस्तकांवरून त्यांनीं शिकविण्यास आरंभ केला होता, तेथेंच ते आणखी अकरा वर्षें अध्यापक होते. प्रकाशकणांची नवी मोजणी जगास शिकविणारा हा गणिती आतां विद्यार्थ्यांना हाताशीं घेऊन, स्फटिक तापविल्यावर त्यांतून जो मंद प्रकाश निघतो तो मोजण्याचें यंत्र जुळवीत बसे.