टाकलेली वाट कुणाची? थळ घाट आणि नाणेघाट

कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागे बँकर इंजिनं लागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. पुढचा चढ 37 फुटांना 1 फूट. पण या घाटात गाडी एके काळी आणखी एका कारणासाठी थांबायची, ते आज पाहू.

शहापूर तालुक्यात रेल्वे लवकर आली. वासिंद 1855, कसारा 1861. तिथून इगतपुरी फक्त 15 किलोमीटर, पण तिथे पोचायला 1865 उजाडलं. जेम्स बर्कलेंच्या आखणीत घाटाच्या मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगरात वळायला जागा नाही, म्हणून गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर चढायची. विसाव्या शतकात नवी आखणी झाली आणि हा खटाटोप संपला. भोर घाटातलं असंच स्टेशन 1929 मध्ये बंद झालं.

मग अशा टाकलेल्या मार्गाचं करायचं काय? इंग्लंडमधल्या डर्बिशरमध्ये 1968 साली बंद झालेल्या रेल्वेमार्गावर आज मॉन्सल ट्रेल आहे. 2011 पासून त्याचे जुने बोगदेही चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुले आहेत. आपल्याकडे असं का होऊ नये, हा प्रश्न रास्तच आहे.

पण इतक्या लांब कशाला? शेजारच्या मुरबाडकडे पाहा. तिथे अजून रेल्वे नाही, लोक वाट पाहतायत. टाकलेली वाट मात्र तिथेही आहे: नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कोकणातला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. पुढे व्यापार दुसरीकडे वळला, तरी घाट मेला नाही, कारण लोक तो चालत राहिले. आज पावसाळ्यात तिथे ट्रेकर्सची रीघ लागते.

नाणेघाटाच्या लेण्यात नागनिका राणीचे यज्ञ आणि दानं कोरलेली आहेत. पायऱ्या खोदणाऱ्यांचं नाव नाही. थळ घाटातही तेच झालं. बर्कले आपल्याला माहीत आहेत, पण सुरुंग लावणारे, दगड वाहणारे हजारो मजूर, त्यात बायकाही होत्या, ते कोण?

म्हणून आम्हाला वाटतं, कसाऱ्याला अशी पायवाट व्हावी, रेल्वेची परवानगी आणि सुरक्षितता सांभाळूनच व्हावी, पण पहिला फलक या मजुरांचा असावा. आणि वाटाडे, चहा-भाकरीची सोय, देखभाल हे सगळं आसपासच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांच्या हाती असावं. तानसा धरण 1892 चं. तेव्हापासून शहापूरचं पाणी मुंबईला जातंय आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. पाण्याचं जे झालं, ते वाटेचं होऊ नये, एवढंच.