‘शुभ सकाळ’ डिलीट करण्याआधी: ज्येष्ठांच्या ऑनलाइन सोबतीची चाळीस वर्षं

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की हेल्थचा? थांबा जरा. म्हातारपणीच्या एकटेपणावर कम्प्युटरचा उपाय करून बघायचा, ही कल्पना लॉकडाउनमध्ये झूमबरोबर जन्माला आली, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती चाळिशीत आली आहे. माझ्यापेक्षा मोठी, आणि ऐकणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांपेक्षाही. व्हॉट्सॲप सोडाच, वर्ल्ड वाइड वेबसुद्धा नव्हतं तेव्हा हा प्रयोग सुरू झाला होता.

त्यात काय चाललं आणि काय नाही, हे आज बघू. कारण आपल्या पिढीची एक ठाम समजूत आहे: आजी-आजोबांना स्मार्टफोन घेऊन दिला, व्हॉट्सॲप शिकवलं, फॅमिली ग्रुपमध्ये ॲड केलं की झालं काम. इतिहास काही वेगळं सांगतो.

एकटं असणं आणि एकटेपणा

आधी शब्द नीट लावून घेऊ. एकटं राहणं वेगळं आणि एकटेपणा वाटणं वेगळं. एखादे आजोबा एकटे राहून मजेत असतात, आणि एखादी आजी भरल्या घरात एकटी असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३च्या आपल्या पुस्तकात आणखी एक फरक सांगितला. त्यांच्या मते एकटेपणा दोन प्रकारचा. एक, जवळचं माणूस नसण्याचा, म्हणजे जोडीदार गेल्यावर येतो तो. दुसरा, गोतावळा नसण्याचा, म्हणजे ऑफिस सुटलं, शेजार बदलला, कट्टा मोडला की येतो तो. एका प्रकारची भूक दुसऱ्या प्रकारच्या जेवणाने भागत नाही. नवरा गेलेल्या बाईला पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये टाकलं, तर दुसरी भूक भागेल कदाचित. पहिली तशीच राहील. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७८मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी एकटेपणा मोजायची २० प्रश्नांची पट्टी तयार केली. २००४मध्ये तिचं तीन प्रश्नांचं छोटं रूप आलं: सोबतीची उणीव भासते का, आपल्याला वगळलं जातंय असं वाटतं का, लोकांपासून तुटल्यासारखं वाटतं का. ही पट्टी आली म्हणून ‘कार्यक्रम छान झाला’ यापलीकडे जाऊन ‘फरक पडला का’ हे विचारता आलं.

मोडेमवरचा कट्टा

आता १९८६. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात मेरी फरलाँग या प्राध्यापिकेने एक संशोधन प्रकल्प सुरू केला: सीनियरनेट. वयस्क माणसांना कम्प्युटर शिकवायचा आणि मोडेमने एकमेकांशी जोडून द्यायचं. त्या काळी मोडेम म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून किंचाळत चालणारा डबा. पुढे सीनियरनेट स्वतंत्र संस्था झाली, नव्वदच्या दशकात अमेरिका ऑनलाइन या सेवेवरही दिसू लागली.

मला यातली रचना आवडते. सीनियरनेट नुसतं ऑनलाइन नव्हतं. गावोगावी शिकवणीची केंद्रं होती आणि तिथे शिकवणारे स्वयंसेवकही बहुतेक ज्येष्ठच. म्हणजे निवृत्त माणूस तिथे नुसता ‘लाभार्थी’ नव्हता. आज शिकला की उद्या दुसऱ्याला शिकवणार. ऑनलाइन गप्पांचे विषयही त्यांचेच, अगदी दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींपर्यंत. ज्या आठवणी घरात कुणी तिसऱ्यांदा ऐकत नाही, त्या ऐकायला तिथे त्याच वयाचे लोक बसलेले.

जवळपास त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये आणखी साधा प्रयोग झाला. तिथल्या ‘डोरोट’ या संस्थेने (हिब्रूत या शब्दाचा अर्थ ‘पिढ्या’) १९८९मध्ये भिंतींविना विद्यापीठ सुरू केलं. साधन काय? साधा लँडलाइन फोन. घराबाहेर पडू न शकणारे ज्येष्ठ ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी कॉन्फरन्स कॉलवर येणार आणि वर्ग भरणार. ना स्क्रीन, ना पासवर्ड, ना अपडेट. ज्याला दिसत नाही तोही येऊ शकतो. आज आपण ज्याला ‘लो-टेक’ म्हणून नाक मुरडतो, त्याने दारं जास्त उघडली.

थंड पाणी

मग १९९८ उजाडलं आणि पिट्सबर्गमधून एक निबंध आला: इंटरनेट पॅराडॉक्स. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी ७३ घरांना इंटरनेट देऊन सुरुवातीची एक-दोन वर्षं निरीक्षण केलं. निष्कर्ष धक्कादायक होता. जे जास्त वापरत होते त्यांचं घरच्यांशी बोलणं थोडं कमी झालं आणि एकटेपणा थोडा वाढला. हा अभ्यास काही फक्त ज्येष्ठांवरचा नव्हता आणि त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे टीकाही भरपूर झाली.

चार वर्षांनी त्याच मंडळींनी पुन्हा तपासलं, तर तो वाईट परिणाम बराचसा विरून गेला होता. पण नव्या गटात दुसरी गोष्ट दिसली. ज्यांचा स्वभाव बोलका होता, ज्यांना आधीच माणसं होती, त्यांना इंटरनेटचा फायदा झाला. जे मुळात अबोल किंवा आधाराविना होते, त्यांचं नुकसान. ज्याच्या ताटात आधीच वाढलेलं आहे, त्यालाच आणखी वाढलं जातं.

२००२मध्ये ज्येष्ठांच्या वसतिगृहांत आणि शुश्रूषागृहांत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १०० जण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एकाला इंटरनेट आणि छोटं प्रशिक्षण, दुसऱ्याला नाही. पाच महिन्यांनी पहिल्या गटातले बरेच जण इंटरनेट वापरत होते, पण एकटेपणातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. कनेक्शन मिळालं, म्हणून सोबत मिळतेच असं नाही.

कम्प्युटर विरुद्ध वही

२०१०मध्ये न्यूयॉर्कच्याच ‘सेल्फहेल्प’ संस्थेने व्हर्च्युअल सीनियर सेंटर सुरू केलं. ही संस्था १९३६मध्ये नाझी जर्मनीतून पळून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी उभी राहिलेली. म्हणजे तुटलेल्या माणसांशी तिचं नातं जुनं. मायक्रोसॉफ्ट आणि शहर प्रशासनाची साथ घेऊन तिने घरात अडकलेल्या ज्येष्ठांना टचस्क्रीन, कॅमेरा आणि माइक दिला. त्यावर रोजचे थेट वर्ग. नुसते व्हिडिओ बघायचे नाहीत. वर्गात बाकीचे दिसतात, बोलतात, हाक मारतात.

पण सगळ्यात नेटकी परीक्षा घेतली ती ‘प्रिझम’ने. सारा चाया आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. मायामी, अटलांटा आणि टॅलाहासीमधले, एकटे राहणारे, ६५ ते ९८ वयाचे ३०० जण. अर्ध्यांना खास ज्येष्ठांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर: ईमेल, कॅलेंडर, फोटो, खेळ, वर्ग. उरलेल्या अर्ध्यांना? तीच माहिती छापलेली एक वही. हे मला इंजिनिअर म्हणून फार आवडलं. ‘काहीच नाही’शी तुलना केली तर कुठलंही ॲप जिंकतं, वहीशी करा, मग कळतं.

सहा महिन्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांचा एकटेपणा वहीवाल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाला होता आणि आधार वाढल्यासारखा वाटत होता. म्हणजे चाललं! पण बारा महिन्यांनी दोन गटांतला फरक टिकला नाही. सॉफ्टवेअरवाले सुरुवातीपेक्षा बरे होते, पण वहीवाल्यांवरची आघाडी गेली होती.

आमच्या धंद्यात याला रिटेन्शनचा प्रश्न म्हणतील आणि नोटिफिकेशन वाढवा म्हणतील. मला वाटतं, इथे ते उत्तर चुकेल. आम्ही ‘ॲप किती वेळ उघडलं’ ते मोजतो. या प्रयोगांत खरं मोजायचं असतं ते म्हणजे ‘तुम्ही आला नाहीत तर कुणाच्या लक्षात आलं का’.

सोळा मुलं-मुली आणि एक फोन

२०२०च्या उन्हाळ्यात, कोविड जोरात असताना, टेक्सासमध्ये मनिंदर काहलोन यांच्या गटाने सगळं तंत्रज्ञान बाजूला ठेवलं आणि फोन उचलला. घरपोच जेवण घेणाऱ्या २४० जणांपैकी अर्ध्यांना चार आठवडे फोन केले. त्यांत बहुसंख्य ६५च्या पुढचे. फोन करणारे फक्त १६ जण, वय १७ ते २३. मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत, थोडक्यात प्रशिक्षण दिलेली साधी मुलं-मुली. पहिल्या आठवड्यात पाच दिवस फोन, पुढे समोरच्याला हवे तितके, पण किमान दोन. वेळ त्यांच्या सोयीची, विषय त्यांच्या आवडीचा. महिन्याभरात एकटेपणा कमी झाला, नैराश्य आणि चिंताही.

चार आठवड्यांचाच अभ्यास, हे मान्य. पण १९८९चा लँडलाइन आणि २०२०चा हा फोन शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे ठरलेली वेळ आहे, ओळखीचा आवाज आहे, आणि पलीकडे कुणीतरी वाट बघतंय.

आपल्याकडचा ‘कचरा’

आता घरी येऊ. जानेवारी २०१८मध्ये एक बातमी गाजली होती. भारतातल्या लोकांचे फोन इतके लवकर का भरतात, हे गूगलचे इंजिनिअर शोधत होते. दोषी कोण निघालं? गुलाब, उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि ‘गुड मॉर्निंग’. फोनमधल्या फायली साफ करायच्या गूगलच्या ॲपमध्ये हे फोटो शोधून एका फटक्यात उडवायची सोय आली. आपण सगळे हसलो.

पण जरा ज्येष्ठांच्या बाजूने बघा. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतला बाक, विरंगुळा केंद्र, यांत एक न बोललेला नियम असतो: रोजचा माणूस दोन दिवस दिसला नाही की कुणीतरी चौकशीला जातं. सकाळी सहाला आलेला ‘शुभ सकाळ’ म्हणजे त्याच बाकावरची हजेरी. ‘उठलोय, ठीक आहे, तुम्ही?’ इंजिनिअरला तो कचरा दिसला, कारण तो फाइल बघत होता.

अर्थात नुसत्या फुलांच्या फोटोने वाइस यांची पहिली भूक भागत नाही. त्याला आवाज लागतो. आणि तो आवाज आपण दिला नाही, तर दुसरं कुणी देतं. ‘तुमच्या नावाने पार्सल अडकलंय’ म्हणून फोन करणारा भामटा किती निवांत बोलतो, ऐकलंय ना? दिवसभरात कुणाचाच फोन न आलेला माणूस अनोळखी नंबरही उचलतो आणि बोलत राहतो.

सरकारची एल्डर लाइन आहे, नंबर १४५६७. मुंबईत २०२२मध्ये शंतनू नायडू यांनी ज्येष्ठांना तरुण सोबती देणारी ‘गुडफेलोज’ ही कंपनी काढली आणि रतन टाटांनी तिच्यात पैसे घातले. म्हणजे गरज खरी आहे. पण चाळीस वर्षांच्या या इतिहासातली सगळ्यात कामाची गोष्ट विकत घ्यावी लागत नाही.

मग आपण काय करायचं? माझ्या मते तीन गोष्टी. एक, ‘वेळ मिळाला की करतो’ नाही. वार आणि वेळ ठरवून फोन. वाट बघण्यातच अर्धी सोबत असते. दोन, त्यांना काम द्या. ‘काही हवंय का’ यापेक्षा ‘फणसाची भाजी कशी करायची, सांगतेस?’ हा प्रश्न मोठा, कारण सीनियरनेटवाल्यांना कळलं होतं की शिकवणारा माणूस एकटा पडत नाही. तीन, महिन्याभराने गायब होऊ नका. प्रिझमचा बाराव्या महिन्याचा आकडा आठवा.

आणि हे उपकार म्हणून नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहातला एक माणूस एकटेपणा अनुभवतो, आणि १३ ते २९ या वयात हे प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षा जास्त आहे. म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना गरजू माणूसच आहे.

आजचा एपिसोड इथेच संपवतो. पुढचा लगेच सुरू करू नका. आधी कुणाला फोन लावायचा, ते तुम्हाला माहीत आहे. भेटू पुढच्या वेळी!