‘परका’ ठरवण्याआधी माणसाचे ऐका

“बांगलादेशी पकडले तर आपल्याला काय त्याचे?” नागपुरातल्या आपल्याच वस्त्यांमध्ये हा प्रश्न आम्हाला हल्ली वारंवार ऐकू येतो. विचारणारे तरुण आपलेच आहेत. म्हणून उत्तर इतिहासातूनच देऊ.

सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी भारतातल्या जर्मन पुरुषांना पकडून अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत डांबले. त्यांत हिटलरचे समर्थक होते, तसे हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. आरोप एकच, ते जर्मन होते! पुढे माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली, तेव्हा अनेक ज्यू निर्वासित सुटले. छळणारा कोण आणि छळलेला कोण, हे ऐकून घेतल्यावरच सरकारला कळले. तरीही 1940 मध्ये युद्ध भडकताच अनेकांना पुन्हा पकडण्यात आले.

बौद्धही यातून सुटले नाहीत. जर्मनीत जन्मलेले लामा अनागारिक गोविंद 1938 मध्येच ब्रिटिश नागरिक झाले होते. तरी त्यांना आधी अहमदनगरला आणि नंतर देहरादूनच्या छावणीत ठेवले. देहरादूनला त्यांच्यासोबत न्यानपोनिक थेर होते. ते जन्माने ज्यू, श्रीलंकेत भिक्खू झालेले. ज्यू म्हणून ज्याला जर्मनीत जागा नव्हती, त्याला ब्रिटिशांनी जर्मन म्हणून कैद केले.

माणूस काय करतो हे न बघता कुठे जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवायचे, ही रीत आपल्याला नवी आहे का? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच केले. पारधी, कैकाडी अशा जमातींची पोरे जन्मतःच संशयित ठरली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड राहिली. सरकारने जमातीचे नाव यादीत घातले की त्याविरुद्ध न्यायालयात दाद नव्हती. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला.

ही पार्श्वभूमी असताना बाबासाहेबांनी सप्टेंबर 1949 मध्ये संविधान सभेत जी तरतूद मांडली, तीच आजचे कलम 22. अटकेचे कारण सांगा, वकील करू द्या, 24 तासांत न्यायाधीशापुढे उभे करा. शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धता यांना त्यात अपवाद आहे, हे खरे. पण बाकी परदेशी माणूस त्यातून वगळलेला नाही. जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणाऱ्या कलम 21 मध्येही ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे.

उलट 1946 च्या परकीय नागरिक कायद्याने ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करण्याचा भार पकडलेल्या माणसावरच टाकला. 2025 च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशात ढकलले गेले. ते भारतीयच निघाले आणि त्यांना परत आणावे लागले!

आता आपल्या वस्तीकडे बघा. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे. आजीचा जन्मदाखला नाही, पालावरच्या भटक्याला पत्ताच नाही. उद्या हा भार आपल्यावर आला तर काय दाखवणार?

बेकायदा आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार सरकारला आहे. आमचे म्हणणे एवढेच, आधी कारण सांगा, वकील द्या, सुनावणी घ्या. ‘त्यांच्यासाठी’ हे मागितले नाही, तर ‘आपल्यासाठी’ मागायला तोंड उरणार नाही.

जय भीम!