रेखीय विद्युत दाब नियामकाचे संरक्षण

७८०५ हा तीन पायांचा नियामक कमीजास्त होणाऱ्या एकदिश दाबातून स्थिर ५ व्होल्ट देतो. प्रवाहावर मर्यादा घालण्याची आणि अतिउष्ण होताच बंद पडण्याची सोय त्याच्या पोटातच असते. त्यामुळे प्रदानाच्या तारा एकमेकींना चिकटल्या, तरी तो सहसा वाचतो. त्याला काहीच होत नाही, हा समज त्यातूनच रूढ झाला असावा. वस्तुतः त्याचा घात अनेकदा मागच्या दाराने होतो.

प्रदानाकडे मोठा कपॅसिटर असेल आणि आदानाचा दाब अचानक शून्यावर आला, तर कपॅसिटरमध्ये साठलेली वीज नियामकातूनच उलटी धावते. आतला ट्रान्झिस्टर हा उलटा प्रवाह सोसण्यासाठी घडवलेला नसतो. यावर १एन४००२ सारखा एक डायोड पुरतो. त्याचा ॲनोड प्रदानाला आणि कॅथोड आदानाला जोडतात. एरवी तो स्वस्थ असतो. आदानाचा दाब प्रदानाहून खाली गेला की तो प्रवाहाला बाहेरून वाट देतो. एलएम३१७ मध्ये समायोजनाच्या पायाला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला असेल, तर त्या पायापासून प्रदानाकडे दुसरा डायोड जोडणे इष्ट.

उष्णतेचा प्रश्न मात्र डायोडने सुटत नाही. १२ व्होल्टांचे ५ करताना १ अँपिअर प्रवाहाला ७ वॉट निव्वळ उष्णतेत जातात. तेथे हीटसिंक हवाच. ७८०५ ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, ३१७ ची प्रदानाला. दोन्ही एकाच हीटसिंकवर कसताना ३१७ खाली अभ्रकाचा पापुद्रा आणि स्क्रूभोवती निरोधक वॉशर घालायचे राहिले, की त्याचे प्रदान थेट ग्राउंडला टेकते.