संदर्भांची मोजदाद आणि दुव्यांचा बाजार

संगणकावरील शोधयंत्राला एखादा शब्द दिला की क्षणार्धात असंख्य पानांची यादी समोर येते. वर्गातील विद्यार्थी, आणि खरे तर आपण सारेच, त्यांतील वरची चार-पाच पाने पाहून थांबतो. म्हणजे काय वाचले जाईल आणि काय अडगळीत पडेल, हे त्या यादीचा क्रमच ठरवतो. हा क्रम कसा लागतो? पैसे मोजून तो बदलता येतो का? या प्रश्नांचा इतिहास इंटरनेटहून बराच जुना आहे. त्याची सुरुवात ग्रंथालयातील एका साध्या अडचणीपासून होते.

संदर्भ म्हणजे साक्ष

कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयातील ग्रॉस आणि ग्रॉस या दोघा लेखकांनी १९२७ साली 'सायन्स' या साप्ताहिकात एक लेख लिहिला. छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे पैसे मर्यादित असतात. तेव्हा रसायनशास्त्राची नेमकी कोणती नियतकालिके घ्यावीत, हा त्यांचा प्रश्न होता. जाणकारांची मते विचारत बसण्याऐवजी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेतला आणि त्यातील लेखकांनी कोणकोणत्या नियतकालिकांचे संदर्भ दिले आहेत, ते सरळ मोजले. जर्मन नियतकालिकांचा वाटा इतका मोठा निघाला की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जर्मन भाषा यायलाच हवी, असा निष्कर्षही त्यांनी काढला.

या पद्धतीचे बळ कशात होते? संशोधक संदर्भ देतो तो दुसऱ्याचे ऋण मान्य करण्यासाठी. उद्या कोणी हे संदर्भ मोजणार आहे, याची १९२६ च्या लेखकांना कल्पनाही नव्हती. म्हणूनच त्यांची साक्ष निःपक्षपाती होती. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

अमेरिकन वकिलांकडे १८७३ पासून 'शेपर्ड'ची सूची होती. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, हे तीवरून कळे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये अशीच सूची विज्ञानासाठी करावी असे सुचवले. १९६४ मध्ये त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या अंकात १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांतील सुमारे १४ लाख संदर्भ नोंदवले होते.

पण सर्व संदर्भ सारख्याच मोलाचे कसे मानायचे? गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नॅरिन यांनी १९७६ मध्ये यावर तोड काढली. वजनदार नियतकालिकाने दिलेल्या संदर्भाचे वजन जास्त धरावे, आणि ज्याला असे वजनदार संदर्भ मिळतात ते नियतकालिक वजनदार मानावे. वरवर पाहता ही व्याख्या स्वतःभोवतीच फिरते. मात्र गणिताच्या दृष्टीने ती समीकरणांची एक मालिका आहे आणि ती सोडवता येते.

चिंचोक्यांचा खेळ

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. तिचा प्राण म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा दुवा. सुरुवातीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. मग पानाचे मालक तोच शब्द शेकडो वेळा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवू लागले. वाचकाला काही दिसत नसे, पण यंत्र फसत असे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी यावर संदर्भांचाच उपाय योजला. स्वतःच्या पानावर काय लिहायचे ते मालकाच्या हातात असते. पण इतरांनी त्या पानाकडे दुवा द्यायचा की नाही, हे इतरांच्या हातात असते. १९९८ मध्ये त्यांनी मांडलेल्या या पद्धतीला 'पेजरँक' म्हणतात. त्याच वर्षी गूगल कंपनी स्थापन झाली.

पेजरँक वर्गात चिंचोक्यांनी दाखवता येतो. अ, ब, क अशी तीन मुले ही तीन पाने समजा. अ चे दुवे ब आणि क कडे आहेत, ब चा दुवा क कडे आणि क चा अ कडे. प्रत्येकाने शिट्टी वाजताच आपले सर्व चिंचोके आपल्या दुव्यांमध्ये समान वाटून टाकायचे. एकूण ९० चिंचोके घेऊन अ ला ३६, ब ला १८ आणि क ला ३६ द्या. कितीही वेळा शिट्टी वाजवली तरी हेच आकडे कायम राहतात. हे झाले त्या पानांचे वजन. (प्रत्यक्ष सूत्रात वाचक अधूनमधून दुवे सोडून भलत्याच पानावर उडी घेतो, असेही धरलेले असते. मूळ कल्पना मात्र हीच.)

आता ब ने क ला पैसे देऊन स्वतःकडे एक दुवा घेतला असे माना. क आता आपले चिंचोके अ आणि ब मध्ये निम्मे निम्मे वाटतो. या वेळी २०, ३० आणि ४० हे आकडे स्थिर ठरतात. ब १८ वरून ३० वर गेला, दुवा विकणाराही थोडा वधारला आणि अ ३६ वरून २० वर आला. ब ने आपल्या पानावरचा एक शब्दही सुधारलेला नाही. अ चा तर काहीच दोष नाही. विकत घेतलेल्या दुव्याची किंमत अशी तिसराच कोणी मोजतो.

बाजार भरतो

दुवे विकत घेतले जातील हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते असे नाही. पेज, ब्रिन, राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड यांच्या १९९८ च्या अहवालात ही शक्यता नोंदवलेली आहे. पण त्याला पैसे पडत असल्याने हा प्रकार आटोक्यात राहील, असा त्यांचा कयास होता. तो पुढे साफ चुकला. वरचा क्रम मिळाल्याने होणारा फायदा दुव्याच्या खर्चाहून मोठा असेल, तर खर्च कोणाला अडवत नाही.

२००० च्या अखेरीस गूगलने वाचकांसाठी एक साधनपट्टी दिली. तीवर प्रत्येक पानाचा पेजरँक ० ते १० या मोजपट्टीवर दिसे. बाजाराला जणू दरपत्रकच मिळाले. २००२ मध्ये ओक्लाहोमाच्या 'सर्चकिंग' या कंपनीने वरच्या पेजरँकच्या पानांवरील दुवे विकण्याचा व्यवसाय उघडला. त्यानंतर तिचा स्वतःचा पेजरँक घसरला आणि ती न्यायालयात गेली. पेजरँक हे गूगलचे मत आहे आणि मत बाळगण्याचे स्वातंत्र्य तिला आहे, असे सांगून न्यायालयाने २००३ मध्ये दावा फेटाळला. ज्याला आपण मोजमाप समजत होतो ते कायद्याच्या दृष्टीने मत ठरले, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

२००५ मध्ये शोधयंत्रांच्या कंपन्यांनी 'नोफॉलो' ही खूण आणली. ती ज्या दुव्याला जोडली असे, त्याचे वजन तेव्हा पुढे जात नसे. पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला अशी खूण लावावी, हा गूगलचा नियम झाला. म्हणजे जाहिरात करायला मनाई नव्हती. जाहिरातीला शिफारशीचा वेष चढवायला मनाई होती.

तरी बाजार थांबला नाही. २०११ च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दाखवून दिले की जे. सी. पेनी हे अमेरिकन दुकान कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक शब्दांना महिनोन्‌महिने पहिल्या क्रमांकावर येत होते. त्याच्याकडे येणारे दुवे मात्र कपड्यांशी संबंध नसलेल्या शेकडो पानांवर पेरलेले होते. आपण असे दुवे मागवले नव्हते, असे दुकानाने सांगितले. गूगलने कारवाई केल्यावर दिवाणखान्यातील फर्निचरच्या शोधात ते दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ६८ व्या क्रमांकावर गेले. २०१२ मध्ये तर गूगलच्याच क्रोमची जाहिरात पैसे देऊन लिहवलेल्या मजकुरातून झाल्याचे उघड झाले, आणि कंपनीला आपल्याच पानाचा क्रम खाली आणावा लागला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'पेंग्विन' ही सुधारणा आली. पेरलेले दुवे असलेली पाने आपोआप खाली ढकलली जाऊ लागली. त्यातून उलटाच धोका निर्माण झाला: स्पर्धकाला बुडवायचे असेल तर त्याच्याच नावे वाईट दुवे विकत घ्यावेत! म्हणून ऑक्टोबरमध्ये नको असलेले दुवे नाकारण्याची सोय द्यावी लागली. २०१६ पासून पेंग्विन बहुतांशी अशा दुव्यांचे वजनच काढून घेते. त्याच वर्षी साधनपट्टीवरचा पेजरँकही दिसेनासा झाला. आज गूगल दुव्यांबरोबर इतर अनेक गोष्टी पाहते, आणि तिचे नेमके सूत्र जाहीर नाही.

मोजले की बदलते

जेथून ही कल्पना आली त्या विज्ञानाच्या नियतकालिकांतही हेच घडले. संदर्भांच्या संख्येवर नेमणुका आणि अनुदाने ठरू लागली, तसे संदर्भही ठरवून दिले-घेतले जाऊ लागले. एकमेकांना संदर्भ पुरवल्याबद्दल २०१३ मध्ये ब्राझीलच्या चार नियतकालिकांचे मानांकन स्थगित करण्यात आले.

मराठीत 'दुवा' शब्दाचे दोन अर्थ आहेत: जोडणारा धागा आणि मनापासून दिलेला आशीर्वाद. मागितल्यावाचून मिळत होता तोवर संगणकावरचा दुवाही दोन्ही अर्थांनी दुवा होता. मोजणीला भाव आला आणि दुसरा अर्थ गळून पडला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हाच नियम शाळेच्या परीक्षांना लावून दाखवला होता. नेहमीचे अध्यापन चालू असताना घेतलेली चाचणी मुलाला काय येते ते बऱ्यापैकी सांगते; चाचणीतले गुण हेच अध्यापनाचे ध्येय झाले की ती ते सांगेनाशी होते. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. विद्यार्थ्याने शोधयंत्रावरून माहिती आणली, तर हे पान पहिले का आले, त्याकडे कोणी आणि कशासाठी दुवा दिला असेल, असे त्याला जरूर विचारावे. सोबत चिंचोक्यांचा खेळही खेळावा. अ ला आपण का मागे पडलो हे कळत नाही, आणि यादी वाचणाऱ्यालाही ते कळत नाही, हे मुलांच्या तेव्हा लक्षात येईल.