मानेतली गाठ आणि दोन सुया

थायरॉइडमध्ये गाठ दिसली की डॉक्टर म्हणतात, "एफएनएसी करून घ्या." म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून मायक्रोस्कोपखाली बघायच्या. पाच-दहा मिनिटांचं काम. पण या सुईला मान्यता मिळायला काही दशकं गेली.

अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण खात्री करायची तर पूर्वी गळा कापावा लागे. 1930 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले सर्जन हेज मार्टिन आणि तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी साध्या सिरिंजला 18 गेजची सुई लावून गाठींतून नमुने काढल्याचं प्रसिद्ध केलं. (गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, उलटा हिशेब आहे!) पण सुईच्या वाटेने कॅन्सर पसरेल ही भीती होती. शिवाय, सुट्या पेशींवर भरवसा कोण ठेवणार?

मग दुसरा पक्ष आला: जाड सुईचा. व्हिम-सिल्व्हरमन सुई मांसाचा अख्खा तुकडा काढायची. 1950च्या आसपास क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल ज्युनियर यांनी ती थायरॉइडसाठी वापरली. तुकडा मिळाला की पॅथॉलॉजिस्ट खूश. पण थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर, आणि श्वासनलिका अगदी खेटून! रक्तस्रावाचा धोका होताच.

बाजी पलटवली स्वीडनने. तिथे 1952 साली सोडरस्ट्रोम यांनी गलगंडातून सुईने नमुने घेण्यावर लिहिलं. पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कात फ्रान्झेन, झायिचेक, लोव्हहागेन या मंडळींनी एक मिलिमीटरपेक्षाही बारीक सुईचं तंत्र पक्कं केलं. तिथे सुई टोचणारा डॉक्टरच बहुतेकदा स्लाइडही वाचायचा. माझ्या मते खरा फरक इथे पडला, सुईपेक्षा नजरेने. 1980च्या दशकात पॅरिसच्या झायदेला यांनी तर सिरिंजने ओढणंही सोडलं; बारीक सुईत पेशी आपोआप चढतात आणि रक्तही कमी मिसळतं.

पण एक कोडं बारीक सुईला आजही सुटत नाही. फॉलिक्युलर प्रकारात कॅन्सर आहे की नाही, हे गाठीचं आवरण फुटलंय का यावर ठरतं. वाड्यातली चार माणसं बाहेर बोलावून तटबंदीला भगदाड पडलंय का, ते कसं कळणार? म्हणून 2007 मध्ये अमेरिकेत बेथेस्डाला तज्ज्ञ जमले आणि त्यातून रिपोर्टचे सहा गट ठरले. त्यातला तिसरा 'अनिश्चित', म्हणजे पेशंटची झोप उडवणारा.

अशा वेळी, किंवा नमुना अपुरा निघाला तर, जाड सुई पुन्हा निघते. आपल्याकडे तिला सर्रास ट्रूकट म्हणतात. आता सोबत सोनोग्राफी असल्याने सुई कुठे चाललीय ते पडद्यावर दिसतं. दक्षिण कोरियात तिचा वापर बराच वाढलाय. मात्र अख्खी तटबंदी तिच्याही तुकड्यात येत नाही. त्यासाठी आजही ऑपरेशनच करावं लागतं.