दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरी

वऱ्हाडात वाळवंट नाही. तथापि सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या काळ्याभोर सपाट प्रदेशात तहानेच्या बाबतीत वाळवंटाशी नाते सांगणारी शेकडो खेडी वसलेली आहेत. या प्रदेशास खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे नऊशे गावे मोजली जातात. विहीर खणावी तर पाणी लागते, परंतु ते पिण्याच्या उपयोगी नसते आणि पिकास दिल्यास जमीन चोपण होते. त्यामुळे येथील काळी संपन्न आणि पांढरी तहानलेली, असा विरोध पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सोयरीक जुळविताना मुलाच्या गावी गोडे पाणी आहे काय, ही चौकशी जमिनीच्या चौकशीइतकीच महत्त्वाची मानली जाई.

अकोल्याच्या उत्तरेस असलेले दहीहंडा हे या पट्ट्यातील एक गाव. त्याचा इतिहास इतर खेड्यांहून किंचित निराळा आहे. ज्या खाऱ्या पाण्याने बाकीच्यांना जेरीस आणले, त्याच पाण्यावर येथील काही लोकांची उपजीविका चाले. जुन्या गॅझेटियरांत सुमारे 50 मैल लांब व 10 मैल रुंद अशा खाऱ्या भूभागाचे वर्णन असून, तेथील विहिरींचे पाणी आटवून पूर्वी मीठ काढीत, अशी नोंद आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मुलखात मिठागरे असावीत याचे नवल वाटते. पण याच वऱ्हाडातील लोणार सरोवराच्या क्षारांचा उल्लेख ऐन-इ-अकबरीतही आहे, हे ध्यानी घेतल्यास ते नवल कमी होते.

1853 च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला आणि हा धंदा पुढे लयास गेला. मीठ ही इंग्रज सरकारच्या उत्पन्नाची मोठी बाब होती. त्या कराच्या रक्षणासाठी उत्तरेत सिंधूपासून महानदीच्या बाजूपर्यंत जकातीचे कुंपण उभारण्यात आले होते व ते 1879 पर्यंत टिकले. ज्या सरकारने एवढा खटाटोप केला, त्यास खेड्यातील विहिरीवर कोणीही मीठ आटवावे हे रुचणे शक्य नव्हते. शिवाय 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचला. गाड्यांतून कापसाच्या गाठी मुंबईस जाऊ लागल्या आणि परतीच्या वाटेने किनाऱ्यावरील मीठ येणे सुलभ झाले. कायद्याने हा धंदा किती बुडविला व रेल्वेने किती, याची विभागणी करू पाहणे व्यर्थ होय. दोहोंचा रोख एकाच दिशेस होता.

रेल्वेने अकोल्यास मात्र भरभराट आणली. कापसाची बाजारपेठ, जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने, जिल्ह्याच्या कचेऱ्या यांमुळे शहर वाढत गेले आणि आसपासच्या खेड्यांचा कापूस, मजूर व तरुण पिढी तिकडे ओढली गेली.

दहीहंड्याचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले ते 1930 साली. दांडीच्या सत्याग्रहानंतर प्रत्येक प्रांतास कायदेभंगाचे स्थळ हवे होते. वऱ्हाडास समुद्र नव्हता, पण खाऱ्या विहिरी होत्या. राष्ट्रीय सप्ताहाच्या अखेरच्या दिवशी, 13 एप्रिल रोजी, दहीहंड्यास मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. त्याच वर्षी 10 जुलै रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह आरंभिला. पुसदच्या घटनेस इतिहासग्रंथांत विस्तृत जागा मिळाली, तर दहीहंड्याची बोळवण बहुधा एका ओळीत होते. हे योग्य नव्हे. पुसदला गवत कापणे हे शेतकऱ्याच्या नित्याच्या गरजेशी निगडित होते. दहीहंड्यास बंद पडलेल्या एका स्थानिक व्यवसायाचीच एक दिवसापुरती पुनरावृत्ती झाली. स्वयंसेवकांना हे कितपत ठाऊक होते हा प्रश्न वेगळा.

स्वातंत्र्यानंतर मिठाचा प्रश्न संपला, पाण्याचा संपला नाही. महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी अकोला शहरास मिळू लागले. अकोट-तेल्हारा भागासाठी वान प्रकल्पावर आधारित 84 खेडी योजना आखण्यात आली. मात्र नळ जेव्हा खंडित होतो, तेव्हा गावकरी पुन्हा त्याच विहिरीकडे वळतात. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या पट्ट्यातून सातत्याने येत असतात. ज्या विहिरींच्या पाण्यातून 1930 मध्ये मूठभर मीठ निघाले, त्या पाण्याचे हे दुसरे अंग सत्याग्रहाच्या वृत्तांतांत क्वचितच आढळते.